दुसऱ्या पिढीची अर्टिगा, सात माणसं आणि सासूबाईंचा गुडघा

चिंचेचंझाड

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला कळतं ते एवढंच, की पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे. तरी हा निर्णय माझ्या गळ्यात आलाय, कारण नवरा आणि दीर दोघांनी यूट्यूबवर इतकं बघितलंय की आता जेवतानाही टॉर्क हा शब्द येतो आणि मग दोघं गप्प होतात.

घरात आम्ही सात. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, दीर आणि मुलं दोन, मोठी नऊ वर्षांची, धाकटा तीनचा. सासूबाईंचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. सध्या एक छोटी हॅचबॅक आहे, त्यामुळे कुठेही निघायचं तर पुढे गाडी आणि मागे दिराची मोटरसायकल अशी वरात असते. वर्षातून तीनदा कोकणात गावी जातो, आंबा घाट उतरून. एरवी गाडी नवऱ्याच्या ऑफिसला, जाऊन-येऊन २५ किलोमीटर.

नवी झेपणार नाही, म्हणून वापरलेली मारुती अर्टिगा बघतोय. दोन पुढ्यात आहेत. एक २०१६ ची डिझेल, जुन्या आकाराची. दुसरी २०१९ ची पेट्रोल, म्हणजे दुसरी पिढी, आणि ती अर्थातच महाग. दिराचं म्हणणं, "दोन्हींचा व्हीलबेस सेम आहे वहिनी, जागा कुठून वाढणार? तोंड बदललंय फक्त. डिझेल घ्या, घाटात देवाचं नाव घ्यायला लागणार नाही." नवऱ्याला २०१९ ची हवी, कारण तिच्या पाठीवर हायब्रिड असं काहीतरी आहे. जादा पैसे टाकावेत इतका खरंच फरक आहे का? आणि सासूबाईंना मागे बसता येईल का? कृपया मला समजेल असं सांगा.


फक्तपेट्रोल

२०१९. विषय संपला.


चिंचेचंझाड

अहो पण का?


जुनाड्रायव्हर

ताई, मी मेकॅनिक नाही, नुसता चालवणारा. पण पहिल्या आकाराची अर्टिगा (डिझेल) मी सहा वर्षं चालवली आणि २०१९ पासून दुसऱ्या पिढीची पेट्रोल चालवतोय. माणसं दोन्हींत तीच सात, फक्त वयं वाढली. म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

तुमचे दीर चुकीचं बोलत नाहीत, अर्धं बोलतायत. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, दोन्हींत २७४० मिलिमीटरच आहे. पण गाडी तेवढ्यात संपत नाही ना. २०१६ च्या गाडीची एकूण लांबी ४२९६, दुसऱ्या पिढीची ४३९५. जवळजवळ दहा सेंटिमीटर वाढले आणि त्याचा फायदा दिसतो तो मागे, डिकीत. तिन्ही रांगा उभ्या असताना जुन्या गाडीत डिकी १३५ लिटरची, नव्यात २०९. हे आकडे मला विकत घेताना कळले नव्हते, कळलं ते पिशव्यांवरून. जुन्या गाडीत सगळे बसलो की डिकीत मुलांची दोन दप्तरं आणि एक उभी पिशवी, बस. बाकीचं सामान मांडीवर आणि पायाशी, आणि माझ्या मेहुण्याच्या मांडीवर कायम कोणाचा तरी डबा. नव्या गाडीत कापडी बॅगा उभ्या केल्या तर तीन-चार जातात. चाकांची कडक सूटकेस आणाल तर एकच जाईल आणि तिच्या बाजूने हात घालता येणार नाही. गोडाऊन नाहीये ते, पण मांड्या मोकळ्या झाल्या.

रुंदी १६९५ वरून १७३५ झाली. चार सेंटिमीटर. कागदावर दोन बोटं, पण मधल्या रांगेत तीन मोठी माणसं खांद्याला खांदा लावून दोन तास बसली की ती दोन बोटं कोणाच्या वाट्याला आली यावरून भांडणं होतात.

आता तिसरी रांग. इथे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, सासूबाईंना तिथे बसवू नका. जुन्या गाडीत नको आणि नव्या गाडीतही नको. माझ्या आईला आम्ही हौसेने बसवलं होतं, गाडी घरी आली त्याच दिवशी, तेव्हा ती ७४ ची. मधल्या रांगेची सीट पाठीसकट पुढे झुकते आणि रुळांवरून सरकते, पण अख्खी उचलून उभी होत नाही. त्यामुळे आत जायला जी वाट उरते ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीसारखी. तिने एक हात वरच्या कडीला लावला, एक पाय उंबऱ्यावर ठेवला, डोकं वाकवलं आणि मग दुसरा पाय कुठे ठेवायचा हे विसरली. कशीबशी आत गेली, बसली, म्हणाली, "छान आहे." गुडघे पोटाशी आले होते, कारण तिथे जमीन उंच आणि सीट बुटकी. खरी गंमत उतरताना. आत जाताना माणूस पडतो तसा बसतो, बाहेर येताना मात्र सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर उचलायला लागतं. तो गुडघा ऑपरेशनचा असेल तर विचारच सोडा. मी आणि मेहुण्याने आईला जवळजवळ उचलून काढलं, आणि त्यानंतर तिने त्या रांगेला "माळा" हे नाव दिलं ते आजतागायत आहे.

तेव्हा सासूबाई पुढे, नवऱ्याच्या शेजारी. पुढच्या सीटची उंची चांगली आहे, खाटेवर बसावं तसं बसता येतं, चढावं लागत नाही आणि खाली कोसळावंही लागत नाही. तिथे सध्या सासरे बसत असतील आणि उठायला तयार नसतील, तर तो प्रश्न गाडीचा नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

धाकट्यासाठी चाइल्ड सीट असेल तर ती मधल्या रांगेत कडेला, आयसोफिक्सच्या कड्यांना (चाइल्ड सीट अडकवायच्या पक्क्या कड्या) लागते. एकदा लागली की तो भाग पुढे झुकवता येत नाही, म्हणजे त्या बाजूने माळ्यावर जाता येत नाही. आम्ही नातवाची सीट आधी डाव्या बाजूला लावली आणि मागच्यांना रस्त्याच्या बाजूने, वाहतुकीत, चढ-उतार करायला लावली. दुसऱ्या दिवशी अक्कल आली. चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे, डावं दार मोकळं. तुमच्या घरात माळ्यावर दीर आणि थोरली. मोटरसायकल बंद झाल्याचा आनंद दिराला तिथे बसून साजरा करू दे.

इंजिनाबद्दल. २०१६ चं डिझेल १.३ लिटरचं, ९० पीएस ताकद आणि २०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ढकलायचा जोर, तोही १७५० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). पेट्रोल १.५ लिटरचं, १०५ पीएस, पण टॉर्क १३८ आणि तो पुरा मिळतो ४४०० आरपीएमला. म्हणजे मराठीत: डिझेल हळू फिरत असतानाच ढकलतं, पेट्रोलला आधी पळवायला लागतं, मग ते ढकलतं. दीर घाटाचं म्हणतात ते यामुळे. आणि हे मी स्वतःच्या मूर्खपणाने शिकलोय. नव्या पेट्रोल गाडीतून पहिल्यांदा कोकणातून वर येत होतो, सात जण, एसी चालू, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या. सहा वर्षांची डिझेलची सवय, वळणावर तिसऱ्या गिअरवरच राहिलो आणि वाट बघत बसलो की आता टर्बो धक्का देईल. टर्बो कुठला यायला, या गाडीत तो नाहीच. गाडी थरथरली आणि ऐन वळणात बंद. मागे एसटी. एसटीचा ड्रायव्हर हॉर्नसुद्धा वाजवत नव्हता, नुसता बघत होता, ते जास्त लागलं. आमची ही म्हणाली, "दमली वाटतं." गाडी दमली नव्हती, चूक माझी होती.

तेव्हापासून चढाला दुसरा गिअर, काटा ३००० च्या वर, अगदीच तीव्र वळण असेल तर तेवढ्यापुरता एसी बंद. इंजिन ओरडतंय असं वाटतं. ओरडू द्यायचं, पेट्रोल इंजिन ओरडूनच काम करतं. एकदा हे पायात बसलं की घाटाला काही अडत नाही. डिझेल तिथे आरामात जाईल, हे मान्यच. पण तुम्ही घाटात वर्षातून तीनदा जाणार आणि ऑफिसला तीनशे दिवस. सगळं मिळून वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर. एवढ्यासाठी जुनं डिझेल सांभाळायचं का, ते दिरांना विचारा. शिवाय आरसी १५ वर्षांची धरली तर एकीची २०३१ ला संपते, दुसरीची २०३४ ला. जादा पैशांत तीन वर्षंही आली, तो हिशेब कोणी करत नाही.

हायब्रिडचं नवऱ्याला समजावून सांगा, ही गाडी बॅटरीवर चालत नाही. एक मीटरही नाही. अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या, जागी एक मोटर-जनरेटर असतो आणि पेट्रोल गाडीत पुढच्या सीटखाली एक छोटी लिथियम बॅटरी असते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की हूं न करता चालू होतं, वेग पकडताना थोडा हात लागतो, पाय काढला की बॅटरी भरते. चांगली सोय आहे, पण मधल्या आळीतल्या लोकांना "हायब्रिड घेतली" म्हणून सांगण्याइतकी नाही. बघायला जाल तेव्हा दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावर न्यूट्रल करून क्लच सोडा. इंजिन बंद होऊन परत नीट चालू होतं का बघा. नाही झालं तर का नाही, ते विकणाऱ्याला विचारा आणि वर्कशॉपमध्ये दाखवा.


स्टेपनी

काकांच्या लेखाला दंडवत. मी गॅरेजच्या धंद्यातला, त्यामुळे थोडं तेलकट बोलतो.

दिराला डिझेलच पाहिजे असेल तर त्याला सांगा, दुसऱ्या पिढीतही डिझेल होतं. नोव्हेंबर २०१८ ला गाडी आली तेव्हा तेच जुनं १.३. मग २०१९ मध्ये मारुतीचं स्वतःचं १.५ डिझेल आलं, ९५ पीएस, २२५ टॉर्क, सहा गिअर. घाटात मजा येते त्या गाडीला. पण बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आलं आणि मार्च २०२० ला कंपनीने डिझेल गुंडाळलं. म्हणजे हे इंजिन जेमतेम वर्षभर बनलं. मिळाली तर गाडी भारी, पण तेवढ्यासाठी थांबून बसू नका.

२०१९ ची बघताना मला वाटते ती खरी भीती वेगळी. अर्टिगा टॅक्सीत प्रचंड चालते, दुसऱ्या पिढीची तर टूर एम नावाची टॅक्सीसाठीची वेगळी आवृत्तीच होती. टॅक्सी असणं गुन्हा नाही, पण ते लपवून घरगुती म्हणून विकणं आहे. परवाच एक गिऱ्हाईक गाडी दाखवायला घेऊन आलं, कुठल्याशा डीलरकडची. मीटर ४२ हजार. मी मीटर बघितलाच नाही, आधी ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं. साबण वापरून झिजतो तसं, मधोमध गुळगुळीत. ड्रायव्हर सीटची उजवी कड, जिथून माणूस घसरत उतरतो, ती खचलेली. मधल्या सीटचे रूळ कोरडे आणि खडखडणारे, म्हणजे दिवसातून दहादा कोणीतरी मागे चढत होतं. गाडीच्या नंबरावरून सर्व्हिसचा इतिहास काढला तर शेवटची नोंद ९० हजारांच्या पुढची. गिऱ्हाईक तिथेच बसलं डोक्याला हात लावून.

उलट खरी घरगुती अर्टिगा ओळखायची खूण सांगू? तिसऱ्या रांगेचे बेल्ट. ओढले की नव्यासारखे करकरीत येतात आणि बकलमध्ये बिस्किटाचा चुरा असतो.

सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलंय का बघा, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिची प्लेट बघा. आणि काका ज्या २०९ लिटरचं कौतुक करतायत त्यात सिलिंडर झोपतो, हे विसरू नका. कागदांत मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, गाडीवर कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची विम्यातली सूट) त्याचा, तुम्हाला मिळत नाही, कोणी मिळतो म्हणालं तरी.


उन्हाळी_सुट्टी

इतकी चर्चा झाली आणि सुरक्षिततेवर कोणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. दुसऱ्या पिढीच्या अर्टिगाला २०१९ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत तीन तारे मिळाले होते आणि सांगाडा अस्थिर असा शेरा होता. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीची नव्या, कडक नियमांनी चाचणी झाली तेव्हा मोठ्या माणसांसाठी एकच तारा मिळाला. हे माहीत असून घ्यायची तर घ्या, मीही घेतलीच आहे. सात जणांना एका गाडीत नेणं आणि मोटरसायकल मागून घाटात आणणं यात मला पहिलं बरं वाटलं.

पण २०१६ शी तुलना असेल तर हेही बघा. दुसऱ्या पिढीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक मॉडेलला पुढे दोन एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी सोय) आणि आयसोफिक्स आहे. जुन्या गाडीत कुठल्या व्हेरिएंटला काय, ते त्या त्या गाडीत डोळ्यांनी बघायला लागतं. मधल्या रांगेतल्या मधल्या सीटचा बेल्ट ओढून बघा, खांद्यावरून येतो का नुसता कमरेचा आहे. आमच्याकडे तिथे कोण बसणार ते त्या बेल्टवरून ठरलं. आणि सात जण बसणार असाल त्या दिवशी टायरमध्ये हवा जास्त लागते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो.


चिंचेचंझाड

सगळ्यांचे आभार. रविवारी सातही जण गाडी बघायला गेलो. विकणारे गृहस्थ आम्हाला बघून आधी घाबरले, त्यांना वाटलं काहीतरी तक्रार घेऊन आलोय.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी बघितल्या. सासूबाई पुढे बसल्या, उतरल्या, परत बसल्या. गुडघ्याला काही झालं नाही. सासरे पुढची सीट जाते म्हटल्यावर "मला कुठेही चालेल" म्हणून रागाने जाऊन तिसऱ्या रांगेतच बसले. दहा मिनिटं चक्कर मारली. परत आल्यावर म्हणाले, एसीच्या जाळ्या मधल्या रांगेच्या डोक्यावर आहेत, इथे वारा उरलासुरला येतो. आता त्यांना मधली डावी खिडकी दिलीय, तिथे ते खूश आहेत, वर जाळी त्यांच्याच ताब्यात. उतरून मागच्यांना वाट द्यायचं कामही त्यांचंच, हे अजून सांगितलेलं नाही. मी मधोमध. तिथला बेल्ट कमरेचाच निघाला, त्यामुळे मुलांपैकी कोणाला तिथे बसवणार नाही.

डिकीत घरून नेलेल्या बॅगा ठेवून बघितल्या. जुन्या गाडीत दोन, नव्यात चार. दिराने ते मोजलं आणि मग डिझेलविषयी बोलला नाही. नव्या गाडीच्या पेडलचं रबर ठीक होतं, दाणे अजून हाताला लागतात. सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी जुळल्या. तिसऱ्या रांगेतल्या बकलमध्ये चुरा नव्हता, एक गोळीचा कागद होता. सिग्नलवर बंद होऊन चालू झाली तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं ते त्यानेच बनवलंय.

तिलाच टोकन दिलंय. एकच राहिलं, स्टेपनी कुठे आहे? डिकीचा तळ उचलून बघितला, तिथे नव्हती. विकणाऱ्यालाही सांगता येईना.


स्टेपनी

मला शोधताय?

ताई, ती गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते, मागून वाकून बघा. आणि उरलेले पैसे द्यायच्या आधी त्यांना ती खाली उतरवायला लावा. वर्षानुवर्षं चिखल खाऊन टांगणीचा बोल्ट गंजतो, मग पंक्चरच्या वेळी निघत नाही. आणि हवा तपासा तिच्यातली. दहातल्या आठ गाड्यांत नसते.


जुनाड्रायव्हर

माझ्या गाडीत आहे. बहुतेक. उद्या बघतो.